शिंगराला फ्लूची लस: तिसऱ्या महिन्यात की सहा महिने थांबून?

तापीकाठचा (धागाकर्ता)
दत्तजयंती जवळ आली, सारंगखेड्याची घोड्यांची यात्रा तोंडावर आली, की आमच्याकडे शहादा-शिरपूर पट्ट्यात लस टोचायची एकच घाई सुटते. तीन महिन्यांचं शिंगरूही त्यातून सुटत नाही. घोडीला वेळेवर लस दिलेली असेल तर एवढ्या लहान शिंगराला फ्लूची लस देणं म्हणजे पैसे तापीत टाकणं, असं माझं मत आहे.

घोडीच्या वारेतून प्रतिपिंडं, म्हणजे रक्तातली रोगाशी लढणारी प्रथिनं, पिलाकडे जात नाहीत. माणसात जातात, घोड्यात नाही. शिंगराची सगळी मदार चिकावर, म्हणजे व्याल्यानंतरच्या पहिल्या दुधावर, आणि तोही पहिल्या सहा-आठ तासांत पोटात जायला हवा. एक दिवस उलटला की आतडं ती प्रतिपिंडं आत घेतच नाही. पण चिकातून आलेली हीच प्रतिपिंडं पुढे काही महिने रक्तात राहतात आणि लशीतला मेलेला विषाणू शिंगराच्या शरीराला ओळखूच देत नाहीत. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी 1992 मध्ये हेच मांडलं होतं: आईची प्रतिपिंडं असताना दिलेल्या फ्लूच्या लशीला शिंगरं नीट दाद देत नाहीत.

म्हणून पहिला डोस सहाव्या महिन्यात, दुसरा त्यानंतर चार ते सहा आठवड्यांनी, तिसरा दहा ते बारा महिन्यांचं झाल्यावर. घाई करायचीच तर गाभण घोडीची करा. व्यायच्या चार ते सहा आठवडे आधी तिला लस द्या, म्हणजे चीक ताकदीचा उतरतो.

दोंडाईचेकर
दादा, सगळं बरोबर, पण तुमची गाडी त्या ‘असेल तर’वर अडते. वरातीत नाचणाऱ्या आमच्या घोड्यांचं लसकार्ड कुणी पाहिलंय? यात्रेतून गाभण घोडी घेतली तर विकणारा दुसऱ्या दिवशी राजस्थानात नाहीतर यूपीत. विचारणार कुणाला?
आईला लसच नसेल तर शिंगराची लस अडवणारं आहे कोण? मग त्याला सहा महिने उघडं का ठेवायचं? 2008 मध्ये फ्लू जम्मूतल्या कटऱ्याकडे सुरू झाला आणि बघता बघता कितीतरी राज्यांत पोचला. वैष्णोदेवीच्या वाटेवरची घोडी-खेचरं खोकत होती. आपल्या यात्रेत तर हजारो जनावरं एका मैदानात, एकाच बादलीत पाणी पितात.

तापीकाठचा
लस दिली नाही म्हणजे प्रतिपिंडं नाहीत असं कुठंय? बाजार फिरलेली घोडी कधीतरी फ्लू काढून बसलेली असू शकते. तिच्या चिकातही ती उतरतात.

दोंडाईचेकर
म्हणजे ‘असू शकते’वर शिंगरू सोडायचं!

चोपड्याचे बापू
मना आजोबासनी कधी लस दिन्ही नही, घोडा जगनात ना?

तापीकाठचा
बापू, मेलेल्यांची नोंद आजोबांनी ठेवली होती का?

गुरांचा डॉक्टर, धुळे
दोघांच्या मधली अडचण सांगतो. आईची प्रतिपिंडं साधारण दर महिन्याला निम्मी होत जातात. मध्ये एक काळ असा येतो की ती रोग अडवायला अपुरी असतात, पण लस वाया घालवायला पुरेशी. हा काळ प्रत्येक शिंगराचा वेगळा, कारण चीक कुणी किती प्याला यावर तो ठरतो. जन्मानंतर दिवसभरात रक्त तपासून आयजीजी (चिकातून आलेली मुख्य प्रतिपिंडं) दर डेसिलिटरला 800 मिलिग्रॅमच्या वर आहे का हे कळतं, पण आपल्या भागात हे करतो कोण!

म्हणून मी आधी जन्ममहिना विचारतो. एप्रिलचं शिंगरू ऑक्टोबरात सहा महिन्यांचं होतं, नोव्हेंबर संपेपर्यंत दुसरा डोस होतो आणि डिसेंबरच्या यात्रेला ते तयार असतं. ऑगस्टचं शिंगरू तेव्हा चार महिन्यांचं, म्हणजे नेमकं मधल्या काळात सापडू शकणारं. त्याला यात्रेत नेऊ नका. आईचं काहीच माहीत नसेल आणि जवळपास साथच असेल तर लवकर टोचायला माझी ना नाही, पण तो डोस हिशेबात धरू नका. सहाव्या महिन्यापासून तिन्ही डोस पुन्हा.

आणि हर्पिस या घोड्यांच्या दुसऱ्या विषाणूच्या लशीचा हिशेब फ्लूला लावू नका. तो विषाणू घोडीकडून शिंगराला फार लहान वयात लागतो, त्यामुळे ती लस चार ते सहा महिन्यांच्या दरम्यान सुरू करतात. गर्भपात टाळायला गाभण घोडीला ती गाभणपणाच्या पाचव्या, सातव्या आणि नवव्या महिन्यात वेगळी.

दोंडाईचेकर
डॉक्टरसाहेब, ‘नेऊ नका’ म्हणणं सोपं आहे. पायाशी शिंगरू असलं की गिऱ्हाईक घोडीजवळ थांबतं. आणि दूध पितं शिंगरू घरी ठेवून घोडी न्यायची तरी कशी?

गुरांचा डॉक्टर, धुळे
मग घोडीही यंदा नेऊ नका.

दोंडाईचेकर
आणि वर्षभर चंदी तुम्ही घालणार?

तापीकाठचा
न्यायचीच तर मैदानाच्या कडेला बांधा, बादली घरची न्या, गिऱ्हाइकाला शिंगराच्या तोंडाला हात लावू देऊ नका. परत आल्यावर दोन आठवडे बाकीच्या जनावरांपासून लांब ठेवा. पण तिसऱ्या महिन्याच्या लशीबद्दलचं माझं मत आहे तिथंच आहे.