बॉनेटची केबल तुटली, मदत हवी आहे

मंडळी, परवा अक्कलकोटहून येताना बॉनेट उघडायला लिव्हर ओढला तर तो हातातच आला. केबल लिव्हरपाशीच तुटलीय. घरी आतली तार पक्कडीने ओढली, पोराने बॉनेट वरून दाबून धरलं, तेव्हा कुठे उघडलं. तेव्हापासून गाडी दारातच.

नवी केबल आणलीय. जुनीच्या टोकाला सुतळी बांधून ओढायची आणि त्याच सुतळीने नवी आत घ्यायची, इथपर्यंत ठरलंय. अडलंय ते डॅशबोर्डमागे, केबल इंजिनकडे जाते तिथे. तिथलं रबरी बूच दगड झालंय (सोलापूरचं ऊन, दुसरं काय!). फाटलं तर पावसात पाणी पायाशी. कसं सोडवायचं? आणि लॉकपाशी केबलला ढील किती ठेवता? बॉनेट पुन्हा अडकलं तर बायको गाडीला हात लावू देणार नाही.