तालुक्याच्या कोर्टातला वकील आणि वेबसाइट

कराडचा_वकील:
नमस्कार मंडळी. कराडच्या कोर्टात ६ वर्षं वकिली करतोय. कामं बहुतेक जमिनीची: वाटपाचे दावे, वारसनोंद, फेरफारावरच्या तक्रारी, बांधाची भांडणं. पक्षकार येतात ते कुणाच्या तरी ओळखीनं. पण हल्ली निम्मे हिस्सेदार पुण्या-मुंबईला. त्यांना गावात वकील विचारायचीही चोरी, संध्याकाळपर्यंत चुलत्याला कळलेलं असतं. मग ते मोबाइलवर शोधतात.

म्हणून मेव्हण्याच्या ओळखीतल्या एका पोराकडून १८ हजारांत वेबसाइट करून घेतली. वर काळ्या कोटातला माझा फोटो, खाली 'जमीन वादातले तज्ज्ञ', 'केस जिंकलात तरच फी', तीन पक्षकारांचे अभिप्राय (दोन त्या पोरानंच लिहिलेत) आणि मी लढवलेल्या एका केसचं पेपरातलं कात्रण, फोटोसकट. बायको म्हणाली, "हे वकिलाचं आहे की मंगल कार्यालयाचं?" अजून चालू केलेली नाही. करू का?

जुना_कोट:
थांब. आधी बार कौन्सिल ऑफ इंडियाचा, म्हणजे वकिलांवर देखरेख ठेवणाऱ्या देशपातळीवरच्या संस्थेचा, नियम ३६ वाच. वकिलानं जाहिरात करायची नाही, आडूनही नाही. व्ही. बी. जोशींच्या सुप्रीम कोर्टातल्या याचिकेमुळे २००८ साली वेबसाइटपुरती सवलत आली, तीही मोजकी: नाव, पत्ता, फोन, ईमेल, सनदेचा नंबर, तिची तारीख, कुठल्या राज्याच्या बार कौन्सिलची ते, बार असोसिएशन, शिक्षण, कामाचे विषय. आणि ही माहिती खरी असल्याचं घोषणापत्र.

'जमिनीचे दावे' विषयात बसतं, 'तज्ज्ञ' बसत नाही. तसं तर ऑफिसच्या पाटीवरही लिहिता येत नाही. स्वतःच्या केसच्या निमित्तानं फोटो छापून आणणं त्याच नियमात अडकतं, तेव्हा कात्रण काढ. जिंकल्यावर फी? नियम २०, तशी ठरवताच येत नाही. अभिप्रायांबद्दल बोलायलाच नको.

वेबसाइट उघडताच पक्षकारानं 'मी स्वतःहून इथं आलोय' असं मान्य करायची चौकट टाकली की सगळं पचतं, असा पोरांचा समज असतो. पचत नाही. जुलै २०२४ मध्ये मद्रास उच्च न्यायालयानं ऑनलाइन संस्थांमार्फत कामं मिळवणाऱ्या वकिलांवर कारवाई करायला बार कौन्सिलला सांगितलंय. पक्षकार मिळवून देतो म्हणणाऱ्यांचे फोन येतील, उचलू नकोस.

एवढं कापून एक पान उरेल. पुरतं.

पुण्यातला_हिस्सेदार:
वकीलसाहेब, तुम्ही म्हणताय तो चोरून शोधणारा मीच. मला तज्ज्ञबिज्ञ काही नको होतं. हा माणूस आमच्याच तालुक्याच्या कोर्टात असतो का आणि शनिवारी भेटेल का, एवढंच. एका वकिलांची नकाशावरची खूण जुन्या ऑफिसवर होती, तिथं आता रसवंती. एक ग्लास पिऊन परत आलो.

ज्यांना शेवटी काम दिलं त्यांचं पान मराठीत होतं. तुमच्या पोरानं 'पार्टिशन सूट' लिहिलं असेल तर बदला. आम्ही 'वडिलोपार्जित जमीन वाटणी' असंच टाइप करतो.

कराडचा_वकील:
काका, कात्रण काढताना जिवावर आलं, पण काढलं. 'पार्टिशन सूट'च होतं, बदललं. शनिवारची वेळ पत्त्याच्या ओळीतच घालतो, चालेल ना? एका पानाचे १८ हजार कसे, हे आता त्या पोराला विचारायचंय. मेव्हणा कालपासून फोन उचलत नाहीये.