मदत हवी आहे: रिमलेस फिशटँकला ६ मिमी काच चालेल का?

ओलाहात
तीन फुटी टाकी घरीच बनवतोय. रिमलेस, म्हणजे वर फ्रेम-पट्टी काही नको, नुसती काच. ६ मिमी चालेल की ८ लागेल? जो तो वेगळंच सांगतोय. सिलिकॉन आणून ठेवलंय, शनिवारी चिकटवायला घेणार. लवकर सांगा.

बारीकनजर
उंची?

ओलाहात
लिहिलंय की. तीन फूट.

बारीकनजर
ती लांबी झाली. पाणी किती उंच उभं राहणार?

तळ्यातमळ्यात
६ मिमी बिनधास्त घ्या. माझी टाकी सहा वर्षं उभी आहे, थेंब गळला नाही.

बारीकनजर
तुमचीही रिमलेस आहे?

तळ्यातमळ्यात
वर कडेने काचेच्या पट्ट्या आहेत. त्याने काय होतं?

बारीकनजर
त्यानेच तर होतं! पट्टी नसली की वरची कड मोकळी राहते आणि मधोमध काचेला पोट सुटतं.

गप्पिष्ट
गोल्डफिश ठेवणार असाल तर फिल्टर दुप्पट क्षमतेचा घ्या. फार घाण करतात.

ओलाहात
मासे अजून ठरले नाहीत. उंची दीड फूट, रुंदीही तेवढीच. ९०० × ४५० × ४५० मिमी.

बारीकनजर
आता बोलता येईल. काठोकाठ भरली तर समोरच्या काचेवर साधारण ९० किलोचा रेटा येतो. साध्या फ्लोट काचेला ३.८ पट सुरक्षा धरून (म्हणजे येणाऱ्या ताणाच्या ३.८ पट सोसेल अशी) हिशेब केला की जाडी ७.६ मिमी येते. म्हणजे ८ जेमतेम. मी १० लावेन. ६ वर सुरक्षा २.४ पटीच्या आसपास येते. लगेच फुटेल असं नाही, पण एखादा ओरखडा, कडेचा टवका, कुणाचा कोपर... तेवढ्यासाठीच तर ती सुरक्षा धरायची.

तळ्यातमळ्यात
हे कागदी हिशेब. मुळात १८० लिटर पाणी आहे, दाब पाण्याच्या वजनाने येतो. रुंदी कमी करा, ६ पुरेल.

बारीकनजर
नाही पुरणार. रुंदी निम्मी करा नाहीतर दुप्पट, समोरच्या काचेवरचा दाब तोच. तो फक्त उंचीवर ठरतो.

तळ्यातमळ्यात
मग लांबीचा काही संबंध नाही म्हणता? चार फुटी टाकीलाही हीच काच?

बारीकनजर
लांबीने दाब वाढत नाही, काच जास्त वाकते. लांबी उंचीच्या तिप्पट झाली की पुढे फारसा फरक पडत नाही. हा मुद्दा मात्र तुमचा बरोबर.

तळ्यातमळ्यात
आभारी आहे.

काचकाम
१० मिमी घेतलीत तर नुसती काचच ४० किलो भरेल. पाणी धरून दोनशेच्या वर. स्टँड पाणसळीत आहे ना? खाली फोमची शीट घाला, वाळूचा एक खडा राहिला तरी तळाला तडा जातो. सिलिकॉन कोणतं आणलंय?

ओलाहात
बाथरूमसाठी मिळतं ते. बुरशी लागत नाही असं लिहिलंय, म्हणजे चांगलंच असणार.

काचकाम
ते परत करा! बुरशीनाशक असतं त्यात, माशांना बाधतं. फिशटँकचं म्हणून मिळतं ते घ्या. सुकताना व्हिनेगरसारखा आंबट वास येतो. चिकटवल्यावर आठवडाभर पाणी भरू नका.

गप्पिष्ट
अवांतर: अ‍ॅक्रिलिक का नाही? हलकं असतं.

बारीकनजर
आणि शेवाळ पुसताना ओरखडे पडतात. पण ६ वरच एवढा जोर का, धागाकर्ते?

ओलाहात
घरात पडून आहे म्हणून. जुन्या शोकेसचे दरवाजे. कापून घ्यायचे, बस.

काचकाम
थांबा. कोपऱ्यात शिक्का आहे का बघा.

ओलाहात
आहे. नखाएवढा, पांढरट. घासून जात नाही.

काचकाम
टफन काच आहे ती, म्हणजे तापवून कडक केलेली. कापता येत नाही, भोकही पाडता येत नाही.

ओलाहात
अच्छा, म्हणून! काल हिऱ्याने रेघ मारून दाबली तर अख्खी काच भुरभुरून खाली. मला वाटलं माझाच हात वाईट.

बारीकनजर
हे पहिल्या पोस्टीत लिहायचं असतं हो.

ओलाहात
महत्त्वाचं वाटलं नाही. बरं, उंची ३६० केली तर नवी ६ चालेल?

बारीकनजर
हिशेब ५.७ वर येतो. ६ म्हणजे अगदी काठावर. ३६० ला ८ घ्या, निवांत झोपाल.

तळ्यातमळ्यात
६ चालते. माझी चाललीय.

ओलाहात
३६० आणि ८ नक्की. शनिवार रद्द. तो काचेचा चुरा गालिच्यात गेलाय, कसा काढू?

गप्पिष्ट
गालिचा कसला आहे? लोकरीचा?