ऑफिसच नसलेली कंपनी वाढते तेव्हा: तुमचे अनुभव लिहा

परवा आमचा महिन्याचा ऑल-हँड्स, म्हणजे सगळ्या कंपनीचा एकत्र, कॉल झाला आणि झूमची पानं उलटून उलटून बोट दुखलं. मी २०१९ला लागले तेव्हा सगळी कंपनी एका स्क्रीनवर मावायची, कोणाचं बाळ रांगायला लागलंय तेही माहीत असायचं. आमचं ऑफिस नाहीच, कोविडच्या आधीपासून नाही. क्लायंटना सॉफ्टवेअर करून द्यायचं, आपापल्या घरून. तेव्हा इथे पुण्यात गुरुवारी लाईट गेली की मी ग्रुपवर 'गुरुवार' एवढंच टाकायचे, सगळ्यांना कळायचं. आता तेच टाकलं तर बंगळुरूची नवीन मॅनेजर विचारते, 'मीन्स?' घरून काम चांगलं की वाईट हा वाद इथे नको, खूप झालाय. कंपनी वाढल्यावर तुमच्याकडे नेमकं काय बदललं ते लिहा. कंपनीचं नाव नको.

*

मी श्रीवर्धनजवळचा. ३ जून २०२०ला निसर्ग वादळ आलं तेव्हा आम्ही अठरा जण होतो कंपनीत. घरावरचे पत्रे गेले, सुपारीची वाडी आडवी झाली, लाईट नाही, रेंज नाही. तीन दिवस माझा पत्ता नाही म्हटल्यावर आमच्या टीमच्या लीडने माझा मुंबईचा मावसभाऊ शोधून काढला, नंबर कुठून मिळवला देव जाणे. मग ई-पास काढून मी पुण्याला मामाकडे पोचलो तर माझं काम तिघांनी वाटून घेतलेलं, क्लायंटला आधीच सांगून ठेवलेलं. मी विचारलं रजा किती टाकू, तर म्हणाला आधी पत्रे टाक. पगार पूर्ण आला.

आता अडीचशेच्या वर आहोत. मागच्या पावसाळ्यात दोन दिवस लाईट नव्हती तर सिस्टीमने आपोआप रजा कापली, ती परत मिळवायला सिस्टीमवर तक्रारीचं तिकीट टाकलं, उत्तर नवव्या दिवशी. माणसं वाईट नाहीत हो, लीड तोच आहे, पण आता त्याच्याही हातात काही नाही.

*

लहान कंपनीचं एवढं पण कौतुक नको. मी तीन वर्षं कॉन्ट्रॅक्टवर होतो, दर महिन्याला आपणच बिल पाठवायचं, दहा टक्के टीडीएस कापून पैसे यायचे, पीएफ नाही, आणि होम लोनला गेलो तर बँकवाला म्हणतो सॅलरी स्लिप आणि फॉर्म १६ आणा. कंपनी वाढली, एचआर आलं, तेव्हा कुठे पगारावर घेतलं. पहिल्या स्लिपवर प्रोफेशन टॅक्सचे दोनशे कापलेले बघून खूश झालेला मी एकटाच असेन. (फेब्रुवारीत तीनशे कापतात, तेही गोड लागलं.)

*

आमच्याकडे टाइमशीट बदललं. आधी आठवड्याचे तास एकदम टाकायचो, आता पंधरा-पंधरा मिनिटांचे तुकडे आणि प्रत्येकाला कोड. नवीन पोराला अर्धा तास समजावलं तर ते कुठल्या कोडात? नॉन-बिलेबल, म्हणजे क्लायंटला बिल न लावता येणारा वेळ, जरा वाढलं की मेल येतो, मग कोण कशाला शिकवतंय. आणि तो चॅटमध्ये नावापुढचा हिरवा ठिपका, माउस हलला नाही की जातो! आमच्यातला एक जण जेवायला उठताना माउसची वायर फिरत्या टेबलफॅनला बांधतो, शपथ.

*

वर लिहिलंय ते नवीन पोर म्हणजे मीच म्हणा. नांदेडला असते, लॅपटॉप कुरिअरने आला, चौदा महिने झाले, टीममधल्या एकालाही समोरासमोर पाहिलेलं नाही. अडलं की मेसेज टाइप करायचा, खोडायचा, परत टाइप करायचा, कोण काय म्हणेल म्हणून. एक सिनियर दादा आहेत, ते रोज दुपारी तासभर कॉल नुसता चालू ठेवतात, दोघं आपापलं काम करतो, मधेच विचारतात, 'काय गं, अडलंय का?' मला जे काही येतं ते त्या तासातलं. ते हा तास कुठल्या कोडात टाकतात, वरचं वाचून आता विचारायचीही भीती वाटतेय.

*

आमचा क्लायंट न्यूयॉर्कचा. नोव्हेंबरचा पहिला रविवार गेला की त्यांची घड्याळं मागे जातात आणि आमचा रात्री साडेआठचा कॉल साडेनऊला. पूर्वी सहा जणांनी वार वाटून घेतले होते, आता 'प्रोसेस'प्रमाणे सगळ्यांनी रोज हजर. सासूबाई म्हणतात, एवढे जण बोलता तरी काय? खरं सांगायचं तर चौघं बोलतात.

*

धागा मीच काढलाय म्हणून परत लिहिते. श्रीवर्धनवाले दादा, आमच्याकडे आता पॉलिसी आलीय, वायफायचं बिल मिळतं, इन्व्हर्टरच्या बॅटरीचं मिळत नाही. विचारलं तर म्हणे कॅटेगरीत बसत नाही. आज गुरुवार, लाईट गेलीय, फोनवरून टाइप करतेय, बाकीच्यांना संध्याकाळी उत्तरं देते.