स्लीव्ह की बायपास? पहिल्याच शस्त्रक्रियेचा निर्णय कशावर ठरवावा

पाऊलखूण (मूळ लेखन)

सात वर्षांपूर्वी वजन घटवण्यासाठी माझी स्लीव्हची, म्हणजे जठर अरुंद करण्याची, शस्त्रक्रिया झाली आणि गेल्या वर्षी त्याच जठराचे बायपासमध्ये रूपांतर करावे लागले. वजन उतरले नाही म्हणून नव्हे; वजन चांगले उतरले होते. परंतु रात्री अडीच-तीनच्या सुमारास घशाशी आंबट पाणी येऊन ठसका लागायचा आणि उठून बसल्याखेरीज पुन्हा डोळा लागत नसे. पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली लाकडी ठोकळे सरकवून, दोन उशांवर पाठ टेकवून मी जवळपास तीन वर्षे झोपले. गोळ्यांची मात्रा दुप्पट झाली, रात्रीचे जेवण संध्याकाळवर आले, तरी एंडोस्कोपीत अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला जखमा दिसतच राहिल्या. शस्त्रक्रियेपूर्वीही मला छातीत जळजळ होत असे आणि ते मी सांगितलेही होते. पण तेव्हा एंडोस्कोपी झाली नाही, 'वजन उतरले की जळजळही जाईल' एवढ्यावर विषय मिटला.

हे असे का घडते, ते मला फार उशिरा समजले. स्लीव्हमध्ये जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग कायमचा काढून टाकतात आणि उरते ती एक अरुंद नळी. भुकेचे संप्रेरक मोठ्या प्रमाणावर स्रवणारा वरचा फुगीर भागही त्यात जातो, म्हणून भूक मंदावते; हा तिचा मोठा गुण आहे. परंतु त्या नळीत दाब वाढतो, तिच्या खालच्या तोंडाची झडप शाबूत असते, आणि अन्ननलिका जिथे जठराला मिळते तिथला नैसर्गिक कोन बिघडू शकतो. मग आम्लाला वर सरकणे सोपे होते. बायपासमध्ये वरचा छोटा कप्पा वेगळा करून तो थेट लहान आतड्याला जोडतात. त्या कप्प्यात आम्ल फारसे तयार होत नाही आणि दाबही साठत नाही.

स्वित्झर्लंडमधील एका तुलनात्मक अभ्यासाचे पाच वर्षांचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्यांना आधीपासून रिफ्लक्स, म्हणजे आम्ल अन्ननलिकेत वर येण्याचा त्रास, होता, त्यांच्यापैकी बायपासनंतर सुमारे ६० टक्के लोकांचा त्रास गेला, स्लीव्हनंतर मात्र २५ टक्क्यांचाच. उलट स्लीव्हनंतर जवळपास ३२ टक्क्यांचा त्रास वाढला, बायपासनंतर सुमारे ६ टक्क्यांचा. माझ्यासारख्या व्यक्तीला हे आकडे पहिल्याच भेटीत कोणीतरी समोर ठेवायला हवे होते. माझे म्हणणे असे की, शस्त्रक्रिया 'सोपी कोणती' यावर न ठरवता, शरीरात आधीपासून काय आहे यावर ठरवावी, आणि एंडोस्कोपी केल्याशिवाय स्लीव्हला होकार देऊ नये.

मध्यममार्ग

पाऊलखूण ताई, आपण जे सोसले त्याबद्दल मनापासून सहानुभूती आहे. तरीही आपल्या लेखनातून वाचकाच्या मनात 'स्लीव्ह म्हणजे चूक' असे चित्र उभे राहील, आणि ते मला मान्य नाही. माझी स्लीव्ह होऊन नऊ वर्षे झाली आणि मला आजवर जळजळीची एकही गोळी घ्यावी लागलेली नाही.

बायपासची किंमत आपण सांगितलीच नाही. जठराचा उरलेला मोठा भाग पोटातच बंद होऊन राहतो, त्यामुळे पुढे तिथे काही झाले तर नेहमीची एंडोस्कोपी तिथवर पोहोचत नाही. पित्तनलिकेत खडा अडकला तर तोंडावाटे जाऊन तो काढणेही अवघड होऊन बसते. आतड्यांची जी नवी मांडणी करतात, तिच्यात मोकळ्या फटी तयार होतात. वजन उतरून आतली चरबी वितळली की त्या रुंदावतात आणि कित्येक वर्षांनी एखाद्या दिवशी आतड्याचे वेटोळे त्यांत अडकते. अशा वेळी काही तासांत शस्त्रक्रिया झाली नाही तर आतडे गमावण्याची पाळी येते. लोह, ब-१२, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व यांचा पुरवठा आणि वर्षाकाठी रक्ततपासणी स्लीव्हनंतरही लागते. पण बायपासनंतर त्यात झालेली हयगय फार महागात पडते.

शिवाय फिनलंडमधील २४० रुग्णांच्या अभ्यासाचे दहा वर्षांचे आकडेही पाहावेत. अतिरिक्त वजनापैकी स्लीव्हनंतर सुमारे ४३.५ टक्के घटले आणि बायपासनंतर सुमारे ५२ टक्के. फरक आहे, पण त्यासाठी आयुष्यभराची आतड्यांची फेरमांडणी प्रत्येकाने स्वीकारावी एवढा तो मोठा आहे का? आणि एक गोष्ट विसरली जाते. स्लीव्हचा जन्मच मुळी मोठ्या शस्त्रक्रियेचा पहिला टप्पा म्हणून झाला. अतिस्थूल रुग्णाला एका बैठकीत सगळे झेपणार नाही, म्हणून आधी जठर अरुंद करायचे आणि वजन थोडे उतरल्यावर आतड्याचा टप्पा करायचा, अशी ती योजना होती. पुष्कळांचे पहिल्याच टप्प्यात भागले, म्हणून ती स्वतंत्र शस्त्रक्रिया झाली. तेव्हा स्लीव्हनंतर पुढचा रस्ता मोकळा राहतो. 'पहिल्याच वेळी अचूक' असा आग्रह धरला, तर भीतीपोटी गरजेपेक्षा मोठी शस्त्रक्रिया करून घेतली जाईल.

पाऊलखूण

फिनलंडच्या त्याच अभ्यासातला दुसरा आकडा आपण गाळला. दहा वर्षांनी केलेल्या एंडोस्कोपीत स्लीव्हच्या ३१ टक्के रुग्णांच्या अन्ननलिकेला दाह आढळला आणि बायपासच्या ७ टक्के रुग्णांच्या. (अन्ननलिकेच्या अस्तरातील, पुढे कर्करोगाकडे नेऊ शकणारा बदल मात्र दोन्हींकडे सारखाच, सुमारे ४ टक्के होता, हे मी स्वतःहून सांगते, कारण आकडे अर्धे सांगू नयेत.)

'पुढचा रस्ता मोकळा राहतो' हे वाक्य मलाही ऐकवले गेले होते. तो रस्ता मी चालून आले आहे. दुसऱ्या वेळी आतले पदर एकमेकांना चिकटलेले असतात, यकृताची कड जुन्या स्टेपलच्या रेषेला धरून बसलेली असते, आणि शल्यविशारदाचा पहिला बराचसा वेळ केवळ सोडवणूक करण्यात जातो. दुसऱ्या शस्त्रक्रियेत गळतीचा आणि इतर गुंतागुंतींचा धोका पहिलीपेक्षा अधिक असतो आणि वजनही पहिल्या वेळेइतके उतरत नाही. माझ्या बाबतीत पाच दिवसांचा अंदाज होता, प्रत्यक्षात सोळा दिवस पोटात निचऱ्याची नळी होती. रुग्णाला आधीच 'दोन टप्पे लागतील' असे सांगून, दोन्हींची संमती घेऊन केलेले नियोजन वेगळे. आणि एकाच टप्प्याचे आश्वासन देऊन, तो फसल्यावर दुसरा सुचवणे वेगळे. काढलेले जठर परत येत नाही.

शून्यप्रहर

आपण दोघेही रिफ्लक्सभोवती फिरत आहात, म्हणून मधुमेहाची बाजू मांडतो. मला टाइप २ मधुमेह होऊन चौदा वर्षे झाली होती, दिवसातून दोनदा इन्सुलिन चालू होते, तेव्हा बायपास केला. इन्सुलिन सुटले, गोळ्या पूर्ण सुटल्या नाहीत.

नॉर्वेतील एका अभ्यासात वर्षभरानंतर बायपासच्या सुमारे ७४ टक्के रुग्णांचा मधुमेह औषधांविना आटोक्यात होता, स्लीव्हच्या सुमारे ४७ टक्क्यांचा. हे वाचून मी बायपासकडे वळलो. मात्र फिनलंडच्या दहा वर्षांच्या आकड्यांत हा फरक उरलेला दिसत नाही: स्लीव्हचे २६ आणि बायपासचे ३३ टक्के, म्हणजे संख्याशास्त्राच्या दृष्टीने सारखेच. मला यातून जे उमगले ते असे की, शस्त्रक्रियेच्या प्रकाराइतकेच स्वादुपिंडात काय शिल्लक आहे यालाही महत्त्व आहे. मधुमेह किती वर्षांचा, इन्सुलिन चालू आहे का, गोळ्या किती, तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए१सी) सात टक्क्यांच्या आत आहे का, या चार प्रश्नांवरून बराच अंदाज बांधता येतो. पाचव्या वर्षी केलेली शस्त्रक्रिया चौदाव्या वर्षी केलेल्या शस्त्रक्रियेपेक्षा अधिक देऊन गेली असती, ही खंत माझ्या मनात आहे.

बायपासची दुसरी बाजूही सांगायला हवी. गोड खाल्ल्यावर दीड-दोन तासांनी हाताला कंप सुटतो, कपाळावर घाम येतो आणि समोरच्या ओळी पुसट होतात. पहिल्यांदा असे झाले तेव्हा साखर ५२ भरली. जेवण बदलून ते आता आटोक्यात आहे, पण खिशात साखरेच्या गोळ्या ठेवल्याशिवाय मी गाडी चालवत नाही.

कोरा कागद

मला मूळ प्रश्नच पटत नाही. वजन घटवणाऱ्या इंजेक्शनांपैकी सेमाग्लुटाइडच्या चाचणीत सरासरी १५ टक्के आणि टिरझेपाटाइडच्या सर्वाधिक मात्रेने सुमारे २१ टक्के वजन घटले. इंजेक्शन थांबवता येते, जठर परत जोडता येत नाही. औषध उपलब्ध असताना शस्त्रक्रियेची घाई कशासाठी?

शून्यप्रहर

कारण इंजेक्शन थांबवले की बहुतेकांचे वजन पुन्हा चढू लागते, हेही चाचण्यांतूनच दिसले आहे. ज्यांना ते दीर्घकाळ घेणे शक्य आहे आणि मानवते, त्यांनी अवश्य घ्यावे. शस्त्रक्रियेनंतर वजन पुन्हा वाढू लागल्यासही त्याचा उपयोग होतो, त्यामुळे दुसऱ्या शस्त्रक्रियेची गरज काहींना पडणार नाही. पण ज्याचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक) ५० च्या वर आहे, त्याला केवळ औषधावर किती अंतर कापता येईल, याचा प्रामाणिक हिशेब करावा लागतो.

मध्यममार्ग

पाऊलखूण ताई, नियोजित टप्पा आणि फसल्यानंतरचा टप्पा यांतला फरक मला मान्य आहे. मात्र मी स्लीव्ह का निवडली, ते सांगायचे राहिले. मला पाठीच्या कण्याचा संधिवात आहे आणि वर्षातले काही महिने दाहशामक वेदनाशामकांशिवाय मला अंथरुणातून उठवत नाही. बायपासनंतर जठराचा कप्पा आणि आतडे यांच्या जोडावर व्रण होण्याची भीती असते. ही औषधे आणि धूम्रपान ही त्याची दोन प्रमुख कारणे. माझ्या डॉक्टरांनी माझी सगळी औषधे टेबलावर ओळीने मांडून विचारले, 'यातले कोणते आपण कायमचे सोडू शकाल?' मी त्या एका पट्टीवर बोट ठेवून 'हे नाही' म्हटले आणि निर्णय तिथेच झाला. अवयवरोपणानंतरची औषधे, लिथियम, हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या यांच्या बाबतीतही बायपासनंतर शोषणाचा अंदाज चुकू शकतो.

पाऊलखूण

आपल्या डॉक्टरांनी जे केले, तेच मी मागते आहे. आपली शस्त्रक्रिया आपल्या आजारावरून ठरली. माझी ठरली नाही.

नवी पालवी

मी आजवर केवळ वाचत होते. माझी स्लीव्हची तारीख तीन आठवड्यांवर आली आहे. वय ३१, बीएमआय ४१, मधुमेह नाही. आठवड्यातून दोनदा तरी जळजळ होते. पुढच्या दोन-तीन वर्षांत मूल व्हावे अशी इच्छा आहे. एंडोस्कोपी सुचवलेली नाही. मी काय विचारावे? मिनी बायपासचेही नाव एका परिचिताने घेतले आहे.

मध्यममार्ग

आपल्या बाबतीत दोन गोष्टी विरुद्ध दिशांना ओढतात. शस्त्रक्रियेनंतर साधारण १२ ते १८ महिने गर्भधारणा टाळावी, हे दोन्हींना लागू आहे. परंतु गर्भारपणात वाढणारे गर्भाशय आतड्यांना वर ढकलते आणि बायपास झालेल्या स्त्रीला तेव्हा आतडे अडकण्याचा धोका असतो. पोटदुखीचे निदानही उशिरा होते, कारण ती गर्भारपणाचीच समजली जाते. म्हणून मी आपल्या जागी असतो तर स्लीव्हकडेच झुकलो असतो. मिनी बायपासमध्ये एकच जोड असतो, वजनही चांगले उतरते. परंतु पित्त वरच्या कप्प्यात येण्याची शक्यता असते आणि फ्रान्समधील अभ्यासात त्यानंतर अतिसार आणि पोषणाच्या तक्रारी नेहमीच्या बायपासपेक्षा अधिक आढळल्या. गर्भारपणाचा विचार असताना मी त्या वाटेला जाणार नाही.

पाऊलखूण

मी याच्या नेमके उलट सांगेन. बायपासमध्ये आतड्यांच्या मांडणीत राहणाऱ्या त्या फटी पहिल्याच शस्त्रक्रियेत टाके घालून बंद करता येतात आणि त्याने आतडे अडकण्याचा धोका कमी होतो. 'आपण त्या बंद करता का?' हा प्रश्न थेट विचारावा. आठवड्यातून दोनदा जळजळ ही दुर्लक्ष करण्याजोगी गोष्ट नाही, आणि गर्भारपणात ती वाढते. पण माझे ऐकून बायपास करू नका, आणि यांचे ऐकून स्लीव्हही करू नका. आधी एंडोस्कोपी मागा. छातीच्या पडद्यातून जठर वर सरकले आहे का, अन्ननलिकेत जखमा आहेत का, हे डोळ्यांनी पाहिलेले असू द्या. नकार मिळाला तर कारण लिहून मागा. तारीख पुढे गेली तरी चालेल.

नवी पालवी

विचारले. डॉक्टरांनी आढेवेढे न घेता एंडोस्कोपी केली. पडद्याचा हर्निया नाही, पण अन्ननलिकेत अगदी सौम्य, सर्वांत खालच्या श्रेणीचा दाह आहे. एवढ्यावरून रिफ्लक्सचे निदान पक्के होत नाही, असे ते म्हणाले. म्हणून पुढच्या मंगळवारी नाकातून बारीक नळी घालून चोवीस तास आम्ल मोजणार आहेत. आतड्याच्या फटी ते दरवेळी टाके घालून बंद करतात, हेही विचारून घेतले. तारीख एक महिना पुढे ढकलली आहे.

मध्यममार्ग

त्या चोवीस तासांत आम्ल जास्त भरले, तर माझा वरचा सल्ला बाजूला ठेवावा. कमी भरले तर मात्र मी त्यावर ठाम आहे.

पाऊलखूण

त्या चोवीस तासांत नेहमीसारखेच जेवा, नेहमीसारखेच झोपा. नळी आहे म्हणून जपून खाल्ले, तर आकडा खोटा येईल. आणि चाचणीच्या किती दिवस आधी जळजळीच्या गोळ्या बंद करायच्या, ते आजच फोन करून विचारा.