मदत हवी आहे: फँटसी आरपीजीच्या नियमपुस्तकात विनोदी चित्रं शोभतात का?

नमस्कार मंडळी,

आमच्या गटासाठी फँटसी रोलप्लेइंग गेमचं (आरपीजी, म्हणजे टेबलाभोवती बसून काल्पनिक पात्रांचं सोंग घेत खेळायचा खेळ) छोटं नियमपुस्तक तयार करतोय. मजकूर जवळपास झालाय, गाडी चित्रांवर अडली आहे. चित्रं काढणाऱ्या मैत्रिणीला मधूनमधून व्यंगचित्रं टाकायची आहेत. खेळाचा सूर मात्र भयाचा आहे: थडगी, शाप, संपत आलेल्या मशाली.

तिनं दाखला दिला तो 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' या प्रसिद्ध आरपीजीच्या १९७९च्या 'डन्जन मास्टर्स गाइड'चा, म्हणजे खेळ चालवणाऱ्यासाठीच्या नियमपुस्तकाचा. त्यात विल मॅकलीन यांचं एक व्यंगचित्र आहे. काल्पनिक जगातली पात्रं टेबलाभोवती बसून आपल्यासारख्या कामगार-विद्यार्थ्यांचं सोंग घेणारा खेळ खेळतायत! मला ते फार आवडतं. त्याच पुस्तकात डेव्हिड ट्रॅम्पियर यांनी काढलेला, भर रस्त्यात घोडा उधळत जादूनं माणसं मारणारा एमिरिकोलही आहे, आणि त्याची दहशत त्या व्यंगचित्रामुळे जराही कमी होत नाही. मला वाटतं, मॅकलीन यांची गंमत खेळणाऱ्यांबद्दल आहे, राक्षसांबद्दल नाही, म्हणून ती खपते. राक्षसाच्या वर्णनाशेजारीच त्याचं हास्यचित्र आलं, तर टेबलावर त्याला कोण घाबरेल?

ज्यांनी अशी पुस्तकं वापरून खेळ चालवलाय त्यांना विचारायचंय: ऐन लढाईत नियम शोधताना अशी चित्रं आडवी येतात का? ती फक्त प्रकरणाच्या सुरुवातीला ठेवावीत, की पात्रनिर्मितीच्या पानांवरही चालतील? नवख्या खेळाडूंचा अनुभव तर नक्की सांगा. पुढच्या आठवड्यात पानांची मांडणी सुरू करायची आहे.