मदत हवी आहे: दोन परीक्षक, दोन टोकं. उत्तर कसं लिहू?

नमस्कार मंडळी. पेशवेकालीन मोडी कागदांवरचा माझा लेख इतिहासाच्या एका जर्नलकडून 'मेजर रिव्हिजन' (मोठ्या दुरुस्त्या करून पुन्हा पाठवा) असा शेरा घेऊन परत आलाय. परीक्षण डबल ब्लाइंड, म्हणजे दोन्हीकडची नावं झाकलेली. पहिले परीक्षक म्हणतात, लिप्यंतर पूर्ण द्या आणि शुहूर सनाच्या (त्या कागदांतल्या जुन्या कालगणनेच्या) तारखा पुन्हा ताडून पाहा. रास्त आहे, करतेय. दुसऱ्यांना लिप्यंतर परिशिष्टातही नको, सिद्धान्ताची चर्चा वाढवून हवी. कोणाचं ऐकायचं, यावर संपादकांच्या पत्रात अवाक्षर नाही. मूळ कागद वाचकासमोर असायलाच हवा, असं मला मनापासून वाटतं. मुद्देसूद उत्तरात असहमती सकारण नोंदवली तर चालते का? की आधी संपादकांनाच विचारू? शिवाय, ओळख न फुटता माझ्याच जुन्या लेखाचा संदर्भ कसा द्यायचा? अनुभवी मंडळींनी कृपया सांगा.